कोबीच्या वासापासून ओकुळीच्या ताटापर्यंत

पीएचच्या पट्टीवर चौदा मिळाले म्हणजे पहिला नंबर आणि एक मिळाला म्हणजे नापास, असा आर्याचा समज होता. त्यामुळे तिला स्वतःच्या पोटाची फार काळजी लागली होती.

"अज्जी, माझ्या पोटातल्या अ‍ॅसिडला फक्त दीड मिळालाय," ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आणि साबणाला दहा!"

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. चुकीची उत्तरं मी ढिगाने पाहिली आहेत, पण इतकं सुंदर चुकीचं उत्तर मला कधी भेटलं नव्हतं. नुसतं चुकलेलं उत्तर आणि विचार करून चुकलेलं उत्तर यांत फार फरक असतो. पहिल्याला खोडरबर पुरतं. दुसऱ्याला शिक्षक लागतो.

आर्याची आई संयोगिता मागेच उभी होती. ही मंडळी पुण्याहून नोकरीसाठी व्हाइटफील्डला आलेली, आमच्याच मजल्यावर राहणारी. संयोगिताच्या गळ्यात हेडफोन कायम असतो, पूर्वी डॉक्टरांच्या गळ्यात नळी असायची तसा.

"काकू, प्लीज तिला एकदा समजवा ना. पुढच्या महिन्यात टेस्ट आहे. मी समजवायला बसले की दोघीही रडतो," ती म्हणाली, आणि मग नेहमीप्रमाणे, "तुमचं मराठी ऐकलं ना की मला इतकं छान वाटतं! किती गोड आहे हो!"

आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की कधी आलं हे सांगणारंही कोणी उरलं नाही. एवढ्या काळात आमच्या मराठीत कन्नड मिसळलं ते साखरेसारखं. तरी माझ्या मराठीला पुण्याच्या माणसाने 'गोड' म्हटलं की मला कळतं, एखादा प्रत्यय घसरला असणार. पण ते असो.

दर रविवारी सकाळी मी आमच्या अपार्टमेंटच्या पार्टी हॉलमध्ये मुलं गोळा करते. कोणी कन्नड, कोणी मराठी, कोणी काहीच धड न बोलणारी. माझ्याकडे फी नाही, गृहपाठ नाही. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, योगासनं करतात. मी रविवारची वाट बघते. हा हॉल मला असोसिएशनचे अध्यक्ष यल्लाप्पा यांनी मोठ्या मनाने दिला होता, आणि देताना बजावलंही होतं.

"मेडम, हॉल वाढदिवसासाठी, बारशासाठी आणि वार्षिक सभेसाठी आहे. शिक्षण नियमात बसत नाही. तरी तुम्ही टीचर म्हणून देतो. पण एक कंप्लेंट आली की क्लास बंद. सरी?"

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं मी म्हटलं होतं. मुलांना आम्लं आणि आम्लारी शिकवण्यात कंप्लेंट येण्यासारखं काय असणार?

तर आर्यासाठी मी ठरवलं की पीएच पाठ करून घ्यायचा नाही, डोळ्यांनी दाखवायचा. त्यासाठी जांभळ्या कोबीचा काढा लागतो. त्यात लिंबू पिळलं तर तो गुलाबी होतो, सोडा घातला तर निळा-हिरवा, आणि नुसतं पाणी घातलं तर जांभळाच राहतो, घरातल्या थोरल्या माणसासारखा, कोणाचीच बाजू न घेता. एक कोबी, एक पातेलं, एक तास. यापेक्षा लहान बेत मी आयुष्यात केला नसेल.

कोबी आणायला मी आमच्या यांना पाठवलं. नागोजीराव आनंदाने गेले आणि वांगी घेऊन आले.

"जांभळं आण म्हणालीस ना?"

"जांभळा कोबी म्हटलं."

"मला 'जांभळा' ऐकू आलं, पुढचं मी समजून घेतलं." आमच्या संसारात यांनी पुढचं नेहमीच समजून घेतलं आहे. दुसऱ्यांदा गेले ते साधा हिरवा कोबी घेऊन आले, कारण भाजीवाल्याने शपथेवर सांगितलं होतं की चव तीच असते. तेवढ्यात संयोगिताने फोनवर बोट फिरवलं आणि माझं वाक्य संपायच्या आत जांभळा कोबी दारात हजर झाला. हे दुखावले. पुढे दोन दिवस जेवताना ते माझ्याकडे न बघता वांग्याच्या भाजीला उद्देशून म्हणत होते, "आता आमची गरजच काय कोणाला!"

कोबी कसा उकळावा यावरही इमारतीत मतं निघाली. संयोगिता म्हणाली मायक्रोवेव्ह. माझ्या वर्गातल्या विराटच्या आजोबांनी लिफ्टमध्ये मला थांबवून मिक्सर सुचवला आणि त्यांच्या मिक्सरचं भांडं कसं फुटलं ते वरच्या मजल्यापर्यंत सांगितलं. आमच्या यांनी सुचवलं की कोबी न उकळताच खावा. पण मी जुन्या पद्धतीची. मुलांच्या देखत, मंद आचेवर, सावकाश. शिकवणं आणि शिजवणं यांत घाई केली की दोन्ही कच्चं राहतं, हे वाक्य मी मुलांनाही सांगितलं आणि ते मला स्वतःलाच इतकं आवडलं की पुन्हा सांगितलं.

पार्टी हॉलच्या मागे छोटं स्वयंपाकघर आहे. तिथे पातेलं ठेवलं. मुलं सारखी झाकण काढत होती. "अज्जी, झाला?" "अज्जी, अजून?" विराट या उतावळ्या गृहस्थाने तर त्यात आताच लिंबू पिळून बघावं असं सुचवलं. शेवटी मी सगळ्यांना हॉलमध्ये नेऊन बसवलं आणि मुंगी चावली की का झोंबतं ते सांगू लागले. मुंगी चावते तेव्हा आम्ल सोडते, त्यावर चुना लावला की ते शांत होतं. मग आम्ही गांधीलमाशीवर गेलो, मग खाजकुयलीवर. गोष्ट रंगली. कोबी जास्त रंगला.

आता एक शास्त्रीय गोष्ट सांगायला हवी. कोबी फार वेळ उकळला की त्यातून गंधकाचे काही पदार्थ बाहेर पडतात. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचा एक पदार्थ मिसळतात. तोही गंधकाच्याच कुळातला. हे दोन्ही वास एकमेकांचे चुलतभाऊ. हे मला ठाऊक होतं. गुंडूला ठाऊक नव्हतं.

गुंडू आमचा वॉचमन. त्याला नुकतंच सुरक्षेचं प्रशिक्षण मिळालं होतं आणि त्यात सांगितलं होतं की गॅसचा वास आला तर विचार करत बसू नका, घंटा वाजवा. गुंडू हॉलजवळून गेला, थबकला, नाक वर केलं, आणि त्याने अजिबात विचार केला नाही.

पुढच्या काही मिनिटांत सगळी इमारत लॉनवर उभी होती. कोणी नेसत्या लुंगीवर, कोणी डोक्याला टॉवेल गुंडाळून. एकाने रविवारीही चालू असलेली मीटिंग न सोडता लॅपटॉप जास्वंदीच्या कुंडीवर ठेवला होता आणि तो "येस, येस, क्लियर" असं झाडाला सांगत होता. यल्लाप्पा अर्धी दाढी करून आले होते. त्यांच्या एका गालावर साबणाचा फेस होता. त्याचा पीएच नऊ-दहा असणार, हे माझ्या मनात आलं. पण ती वेळ ते सांगायची नव्हती, एवढं मला कळलं.

दुर्दैवाने तेवढंच कळलं. सगळे लोक एका जागी, शांत, कान टवकारून उभे. असा वर्ग शिक्षकाला जन्मात एकदा मिळतो. मी पातेलं उचलून बाहेर आणलं आणि समजावून सांगितलं: गॅसला वास नसतो, कोबीत गंधक असतं, आणि म्हणून गुंडूचं नाक अगदी बरोबर आहे, चूक झाली ती फक्त कोबी आणि गॅस यांच्या नात्यात. "शाबास गुंडू!" मी म्हटलं.

टाळ्या पडल्या नाहीत. आर्या तेवढी हळूच म्हणाली, "शाबास."

यल्लाप्पांच्या गालावरचा फेस हळूहळू वाळत होता. "मेडम," ते म्हणाले, "ही एक कंप्लेंट नाही. हे बघा." त्यांनी फोन पुढे केला. त्यावर कंप्लेंटी पावसासारख्या पडत होत्या, लॉनवरच उभ्या असलेल्या माणसांच्या.

संध्याकाळी असोसिएशनच्या अ‍ॅपवर सूचना आली: 'सामाईक जागेत धोकादायक केमिकलचा वापर केल्यामुळे रविवारचा वर्ग कमिटीच्या बैठकीपर्यंत स्थगित.' मी उत्तर लिहिलं की ते केमिकल नव्हतं, भाजी होती. मग माझ्यातल्या शिक्षिकेला राहवलं नाही आणि मी पुढे लिहिलं, 'अर्थात शास्त्राच्या दृष्टीने पाणी, मीठ, कोबी सगळीच केमिकल आहेत.' लगेच यल्लाप्पांचं उत्तर आलं: 'टीचरनी स्वतः मान्य केलं आहे. धन्यवाद.'

त्यांनी एक वाट मात्र दाखवली. कोबी उकळणं धोक्याचं नाही असं योग्य त्या अधिकाऱ्याचं पत्र आणा. योग्य तो अधिकारी कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी फोन करत सुटले. आगीवाल्यांनी सांगितलं, गॅसवाल्यांना विचारा. गॅसवाले म्हणाले, आम्ही भाजीत पडत नाही. एका कार्यालयातल्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "कोबी किती लिटरचा आहे, अम्मा?" मी फोन ठेवला.

वर्ग घरी घ्यावा म्हटलं तर घरात तो घेणं म्हणजे निवासी जागेचा व्यावसायिक वापर, अशी पुढची सूचना आली. खालच्या बागेत बसावं तर माळ्याची पाण्याची पाळी. पुढच्या रविवारी मुलं माझ्या दाराशी आली आणि मला त्यांना परत पाठवावं लागलं. विराट गेला, बाकीचे गेले. आर्या पायरीवर बसून राहिली.

"अज्जी, आता मला सात कुठे असतो ते कोण दाखवणार?"

मी म्हटलं, "बैठक झाली की मी दाखवीन." पण बैठकीत यल्लाप्पांचं मत तेच कमिटीचं मत, हे इमारतीतल्या मांजरालाही माहीत होतं. आत येऊन मी वांगी चिरायला घेतली. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अध्यक्षांना मिठाई नेऊन दे." मी म्हटलं, मी कधी मार्कांसाठीही कोणाची मिठाई घेतलेली नाही, आता हॉलसाठी देऊ? "मग रस्सम दे," हे म्हणाले. यांना तत्त्व कशाला म्हणतात ते नीट कळलेलं नाही.

अशात लिफ्टमध्ये गंगव्वा भेटल्या. या यल्लाप्पांच्या आई. वय किती कोण जाणे, पण असोसिएशनच्या अध्यक्षाला 'ए यल्ल्या' म्हणणारी संपूर्ण व्हाइटफील्डमधली एकमेव व्यक्ती. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि हातात लाल रंगाची एक छोटी बाटली.

"राजक्का, हे बघ," त्या कानडी मराठी एक करून म्हणाल्या, "यल्ल्याची लेक रक्षिता बाळ घेऊन येणार हेब्बाळच्या हॉस्पिटलमधून. माझी पणती! आणि हा यल्ल्या ओकुळीला काय घेऊन आला? केकवर घालतात तो रंग! मी माझ्या पणतीला केकच्या रंगाने ओवाळू?"

पुण्या-मुंबईची माणसं बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. आमच्या इकडे लाल पाण्याच्या ताटाने दारात आरती होते. पाण्यात हळद घालायची, त्यात चिमूटभर सुण्णा, म्हणजे पानाला लावतो तो चुना. पिवळं पाणी बघता बघता लाल होतं. तीच ओकुळी. हळद हाही कोबीसारखाच एक दर्शक आहे, चुना भेटला की लाल होणारा.

"तुम्ही नाही का करत?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतो सुण्ण्याला हात लावायचा नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही. बायकांनी मग करायचं तरी काय?"

"मी करते," मी म्हटलं. "गंगव्वा, तो माझा विषयच आहे."

हे मी ज्या सुरात म्हटलं त्या सुराची शिक्षा मला मिळायची होती.

रक्षिता यायच्या दिवशी खालच्या लॉबीत टेबल मांडलं, रांगोळी घातली. आर्याच्या देखत मी मोठ्या ताटात पाणी घेतलं, हळद कालवली, आणि बेताने चुना घातला. जास्त चुना घातला तर रंग काळपट होतो. ओकुळी जास्वंदीसारखी यायला हवी. तशी आली. यल्लाप्पांनी येऊन ताट पाहिलं. "सुंदर," ते नाइलाजाने म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मेडम, आज सगळं नीट होऊ दे. पाव्हणे आहेत. मग बैठकीत... बघू." ते 'बघू' मी मनात जपून ठेवलं. हॉलचं दार अर्ध्या बोटाएवढं किलकिलं झालं होतं.

त्यानंतर वाहतूक सुरू झाली, म्हणजे थांबली. जावयांचा फोन आला: हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर आहोत. बऱ्याच वेळाने फोन आला: हेब्बाळच्या फ्लायओव्हरवरच आहोत. मग के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाशी आले, तिथे गाडी आणि पूल दोघंही बराच वेळ न झुलता उभे राहिले. लॉबीत पाव्हणे खुर्च्यांवर पेंगू लागले. मुलंही जमली होती. वर्ग बंद असला तरी लॉबीत उभं राहायला कमिटीची परवानगी लागत नाही. आर्या माझ्या ताटाजवळ पहाऱ्याला उभी होती.

तेवढ्यात गंगव्वांनी वरून हाक मारली. साडीच्या निऱ्या नीट बसेनात आणि वाकायचं नाही, म्हणून मला वर बोलावलं. मी आर्याला म्हटलं, "ताटाला कोणाला हात लावू देऊ नकोस," आणि गेले. पण आर्याची आई 'कोणी'त बसते हे त्या बिचारीला कसं कळणार?

संयोगिता मनाने फार चांगली. कितीतरी दिवसांपासून तिला या गावातलं काहीतरी गावातल्यासारखं करायचं होतं. शुक्रवारी ती देवीच्या देवळात गेली होती. तिथे बायका लिंबू अर्धं कापतात, पिळून घेतात, साल आतून बाहेर उलटी करून तिची पणती बनवतात आणि तुपाची वात लावतात. तिला ते इतकं आवडलं की तिने ठरवलं, रक्षिताच्या आरतीला आपण हेच करायचं. ओकुळीत विड्याचं पान सोडून त्यावर कापूर लावतात, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने लिंबाच्या पणत्या केल्या आणि गाडी फाटकात शिरतेय असं गुंडूने ओरडताच माझ्या ताटात सोडल्या.

शास्त्रप्रेमी वाचकांच्या लक्षात आलं असेल. साल उलटी केली की आतला गर बाहेरच्या अंगाला येतो. म्हणजे पणतीच्या तळाला. म्हणजे पाण्यात.

गंगव्वांचा हात धरून मी लिफ्टमधून बाहेर आले तेव्हा संयोगिता उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "काकू, सरप्राइज!"

ताटात वाती मंद तेवत होत्या. आणि प्रत्येक वातीभोवती लाल पाण्यात एक पिवळं वर्तुळ उमटलं होतं. वर्तुळं मोठी होत होती, एकमेकांना भेटत होती. मी ताटापर्यंत पोहोचले तोवर जास्वंदीचा झेंडू झाला होता.

दारात गाडी थांबली. रक्षिता बाळाला छातीशी घेऊन उतरली. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी "अय्यो" म्हणालं, आणि दुसऱ्या कोणीतरी तो शब्द उच्चारलाच: "अपशकुन."

"मेडम," यल्लाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "इदु एनु, मेडम? हे काय? ओकुळी कुठे गेली?"

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर 'लिंबामध्ये सायट्रिक आम्ल असतं' हे वाक्य तयार होतं. गर्दीतून आमच्या यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच पुढचं मी समजून घेतलं. मी तोंड मिटलं. संयोगिता रडवेली झाली होती. आपण काय केलं हे तिला कळत नव्हतं, पण काहीतरी केलं एवढं कळत होतं. मला किलकिलं झालेलं ते दार मिटताना ऐकू आलं.

"काही गेली नाही," ताटाजवळून आवाज आला.

आर्या टाचा उंच करून टेबलाशी उभी होती. वर्गात ही मुलगी माझ्या कानाशी येऊन बोलते. आता तिच्यापुढे लॉबीभर माणसं होती आणि ती ताटाकडे बघत होती, माणसांकडे नाही.

"लाल रंग आहे आतच. लिंबाने त्याला लपवलंय," ती म्हणाली. मग गंगव्वांकडे वळली आणि शाळेत शिकलेल्या मोडक्या कानडीत म्हणाली, "अज्जी, सुण्णा इदेया? स्वल्प."

गंगव्वांनी कमरेचा बटवा उघडून चुन्याची डबी तिच्या हातावर ठेवली. आर्याने वाती विझू न देता पणत्या उचलून आईच्या तळहातांवर ठेवल्या. नखाच्या टोकावर जरासा चुना घेतला, पाण्यात सोडला, पळीने ढवळलं. काहीच झालं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली: अजून. सगळं लिंबू शांत व्हायला हवं होतं. तिने आणखी थोडा घातला. पळीच्या मागे एक लाल रेघ उठली आणि विरली. आणखी थोडा. आणि मग एकदम, कोणीतरी पडदा ओढावा तसं, ताट कडेपासून कडेपर्यंत लाल झालं.

लॉबीतून जो आवाज निघाला तो मी कोणत्याही प्रयोगशाळेत ऐकलेला नाही. विराट ओरडला, "बेस जिंकला!" मागच्या खुर्चीवरचा अपशकुनवाला माणूस उभं राहून नीट दिसावं म्हणून पुढे आला.

गंगव्वांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टरांनी तोही काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

"इन्नोम्मे," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा.

"अम्मा, बाळ दारात उभं आहे!" यल्लाप्पा म्हणाले.

"बाळ उभं नाही, रक्षिता उभी आहे. ती तरुण आहे. इन्नोम्मे माडु, मगू. कर पोरी."

विराटने कुठूनतरी अर्धं लिंबू पैदा केलं. आर्याने ते पिळलं. ताट पिवळं झालं. चुना. ताट लाल झालं. गंगव्वा लहान मुलीसारख्या हसत होत्या, आणि न रडण्याचा डॉक्टरांचा नियमही मोडत होत्या. रक्षिता उंबऱ्याबाहेरून मान लांब करत म्हणाली, "अज्जी, मलाही दिसू दे ना!" म्हणून ताट तिच्यासमोर नेऊन तिसऱ्यांदा प्रयोग झाला. बाळ झोपलं होतं. इतक्या लवकर रसायनशास्त्र सुरू करण्यात अर्थही नव्हता.

"पण अम्मा," यल्लाप्पा घाम पुसत म्हणाले, "आधी पिवळं झालं ते... लोक म्हणतात..."

"कोण लोक?" गंगव्वांनी वळून विचारलं. लोक आपापल्या चपला बघू लागले. "अरे यल्ल्या, बाईमाणसाला घरात घेताना आधी काय लावतात? हळद. मग? कुंकू. माझ्या पणतीला ताटाने दोन्ही दिलं, आपल्या हाताने, सगळ्यांसमोर. तुझ्या जन्माच्या वेळी नुसतं लाल होतं. म्हणून असा झालास."

आरती झाली. बाळ घरात आलं. संयोगिता मला बिलगून म्हणाली, "काकू, सॉरी, मी सगळं बिघडवलं." मी तिला म्हटलं, लिंबाशिवाय हा प्रयोगच झाला नसता. ते खरंही होतं.

पेढे वाटताना गंगव्वांनी आर्याला जवळ बसवून विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. आर्याने माझ्याकडे बोट केलं. "कुठे शिकवतात?" "हॉलमध्ये. पण आता बंद आहे." "बंद? कोणी केला?" आर्या चांगल्या वळणाची मुलगी आहे, तिने नाव घेतलं नाही. कोणीच घेतलं नाही. यल्लाप्पा भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याची तारीख फार बारकाईने वाचत होते.

कमिटीची बैठक झाली असं म्हणतात. मला एवढंच कळलं की पुढच्या रविवारी सकाळी गुंडूने हॉलचं कुलूप उघडलं आणि आत एक पाटी लागलेली होती: 'वर्गात कोबी उकळू नये.' ती अट मला मान्य होती. कोबी मी घरून बरणीत घालून नेला. मुलं बसली. पहिल्या ओळीत, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, काळा चष्मा लावून गंगव्वा बसल्या होत्या. त्यांच्यासमोर कपांची रांग: लिंबू, ताक, नळाचं पाणी, साबण, चुना. आर्या त्यांना रांगेच्या मधलं पाणी दाखवत होती. "अज्जी, हा सात. इथे कोणी नापास होत नाही, कोणी पहिला येत नाही."

मी गुलाबीकडून हिरव्याकडे चालले होते तेव्हा दारात यल्लाप्पा येऊन उभे राहिले. माझा हात बरणीवर थांबला.

"अम्मा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "नाश्ता थंड होतोय. किती वेळ..."

"सुम्मने इरु, यल्ल्या," गंगव्वा मान न वळवता म्हणाल्या. "गप्प बस. क्लास चालू आहे."

असोसिएशनचे अध्यक्ष दारात क्षणभर घुटमळले. मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि विराटच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मी त्यांच्या हातात ड्रॉपर दिला.

"किती थेंब, मेडम?" त्यांनी कुजबुजून विचारलं.